स्टुटगार्टचा झेंडा

२०२३ च्या गणेशोत्सवात मंडळाची प्रश्नमंजूषा घेण्याचे काम आमच्याकडे आले होते. त्यात एक प्रश्न होता : परदेशात भारताचा झेंडा पहिल्यांदा कोणी आणि कोठे फडकवला? उत्तर कार्डावर लिहिलेलेच होते. मादाम कामा, स्टुटगार्ट, जर्मनी, १९०७. सातवी-आठवीतल्या एका मुलीने ते बरोबर सांगितले, टाळ्या झाल्या. खाली बसता बसता तिनेच विचारले, "काका, स्टुटगार्टमध्ये कुठे? मैदानात, की एखाद्या घरावर?" आम्ही कार्ड उलटून पाहिले. मागची बाजू कोरी होती. "पुढचा प्रश्न," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

पण आरतीला उभे राहिलो तरी तो 'कुठे' काही डोक्यातून जाईना. आम्ही राज्य शासनाच्या नोकरीतले उपयंत्री, शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. इतिहास हा आमचा विषय नव्हे, छंद आहे. मात्र नोकरीच्या पहिल्याच वर्षी आमच्या साहेबांनी एक शिस्त लावून दिली होती की, जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय माप-पुस्तिकेत आकडा लिहायचा नाही. या हिशेबाने आम्ही आजवर न पाहिलेल्या कितीतरी गोष्टी पोरांना छातीठोकपणे सांगत आलो होतो.

मग आम्ही जायचे ठरवले. घरात पैसे एकाच्याच तिकिटापुरते होते. सौ. म्हणाली, "तुम्ही एकटे जाऊन या. मी चारधामला निघेन तेव्हा दोन वेळचा स्वयंपाक तुमच्याकडे." सौदा मान्य झाला. सरकारी नोकराला परदेशी जायला खात्याची परवानगी लागते. अर्जात 'प्रवासाचे प्रयोजन' या रकान्यात आम्ही 'ऐतिहासिक स्थळदर्शन' असे लिहिले, तर फाइल शेरा मारून परत आली. दुसऱ्यांदा 'पर्यटन' लिहिले, मग ती पुढे सरकली. तरी मधल्या काळात दोन महिने कोणत्या टेबलावर होती ते बाप्पालाच ठाऊक. मुंबईला जाऊन व्हिसाचे कागद दिले, ८० युरो शुल्क भरले, ३० हजार युरोंचा प्रवास-विमा काढला. मे २०२४ मध्ये पाठीवर एक पिशवी आणि डब्यात भाजणी, मेतकूट व गूळपोळ्या घेऊन आम्ही फ्रँकफर्टला उतरलो. तिथून जलद गाडीचे तिकीट आमच्या ऐपतीबाहेरचे होते. पण त्या वर्षी ४९ युरोंत महिनाभर जर्मनीतल्या सगळ्या साध्या गाड्या, बस आणि ट्राम चालत असत. आम्ही तो पास काढला आणि थांबत थांबत, गाड्या बदलत दुपारी स्टुटगार्टला पोचलो. तिथले लोक 'श्टुटगार्ट' म्हणतात.

स्टेशनाबाहेर पाऊल टाकले आणि आम्हाला एकदम घरच्यासारखे वाटले, कारण सगळीकडे खोदकाम! जुने स्टेशन जमिनीखाली नेण्याचे काम तिथे २०१० पासून चालू आहे. मुदत पुन्हा पुन्हा वाढली आणि खर्च अकरा अब्ज युरोंच्या वर गेला. मुदतवाढीचा अर्ज आपल्याकडेच लिहितात असा आमचा समज होता, तो तिथे कुंपणाशी उभ्या उभ्या गळून पडला.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. भिकाजी रुस्तुम कामा या मुंबईच्या, एका सधन पारशी घरातल्या. जन्म १८६१ चा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा त्या रोग्यांच्या शुश्रूषेला गेल्या आणि स्वतःच त्या रोगाने आजारी पडल्या. त्यातून उठल्या खऱ्या, पण प्रकृती खालावली. विश्रांतीसाठी त्यांना १९०२ च्या सुमारास विलायतेला पाठवले. विश्रांती राहिली बाजूला. तिथे त्यांनी दादाभाई नौरोजींचे काम केले, श्यामजी कृष्ण वर्मांच्या मंडळींत त्यांची ऊठबस झाली आणि पुढे पॅरिसला बिऱ्हाड करून त्या क्रांतिकारकांच्या आधारस्तंभ बनल्या. यजमान रुस्तुमजी हे वकील, इंग्रजी राज्याबद्दल त्यांचे मत चांगले. दोघांचे जमले नाही, एवढेच म्हणून पुढे जाऊ.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये स्टुटगार्टला जगभरच्या समाजवाद्यांची परिषद भरली. १८ ते २४ असे सात दिवस ती चालली. २५ देशांचे साडेआठशेहून अधिक प्रतिनिधी होते. पहिल्या रविवारी शेजारच्या कानस्टाट येथील जत्रेच्या मैदानावर हजारोंची सभा झाली. परिषदेत कोण कोण होते पाहा : जर्मनीचे बेबेल, फ्रान्सचे जोरेस, रोझा लुक्झेम्बुर्ग, आणि जगात तेव्हा फारसे कोणी न ओळखणारा लेनिन. त्यावेळी हे शहर वुर्टेम्बर्गच्या राजाची राजधानी होते. क्वेल्च नावाच्या एका इंग्रज प्रतिनिधीने हेगच्या शांतता परिषदेला 'चोरांची जेवणावळ' अशा अर्थाचे काही म्हटले, तर तिथल्या सरकारने त्याला चालू परिषदेतून देशाबाहेर काढले. म्हणजे व्यासपीठावर वाट्टेल ते बोलायची मुभा होती असे नव्हे.

या परिषदेतला मोठा वाद वसाहतींचा होता, आणि त्याची हकिकत आपल्या शालेय पुस्तकांत येत नाही म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. आपल्याला वाटते, समाजवादी म्हटल्यावर सगळेच पारतंत्र्याच्या विरोधात असणार. तसे नव्हते. हॉलंडचे फान कोल यांच्या गटाचे म्हणणे असे की, वसाहती तत्त्वतः वाईट म्हणायचे कारण नाही, समाजवादी राज्य आले तर त्याही वसाहती बाळगील, फक्त नीट वागवील. गुलामीत ठेवू पण प्रेमाने ठेवू, असा हा प्रकार. मत घेतले तेव्हा हा मसुदा पडला, पण कितीने? १२७ विरुद्ध १०८. जगातल्या सर्वांत पुढारलेल्या म्हणवणाऱ्या सभेत दहा मते इकडची तिकडे झाली असती तर निकाल फिरला असता.

अशा सभेत २२ ऑगस्टला मादाम कामा बोलायला उभ्या राहिल्या. सोबत सरदारसिंह राणा होते. तीन वर्षे आधी ॲमस्टरडॅमच्या परिषदेत दादाभाई नौरोजी बोलले होते, तेव्हा सगळे प्रतिनिधी आदराने उठून उभे राहिले होते. पण दादाभाईंची भाषा सौम्य होती. बाईंचा ठराव रोखठोक होता. इंग्रजांचे राज्य हिंदुस्थानच्या हिताला घातक आहे आणि मानवजातीचा पाचवा हिस्सा असलेल्या या देशाला दास्यातून सोडवायला जगभरच्या स्वातंत्र्यप्रेमींनी मदत करावी, असा त्याचा आशय. ब्रिटिश प्रतिनिधींत रॅम्से मॅकडोनाल्ड होते. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले तेच हे. त्यांचा ठरावाला विरोध होता. ठराव रीतसर आगाऊ कार्यालयाकडे आला नव्हता, या तांत्रिक मुद्द्यावर तो मताला टाकलाच गेला नाही. सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला ही युक्ती समजावून सांगायची गरज नाही. नाही म्हणायचे नसते, फक्त 'विहित नमुन्यात नाही' असे म्हणायचे असते.

बोलू मात्र दिले. आणि भाषणाच्या शेवटी बाईंनी झेंडा उलगडला. वरचा पट्टा हिरवा, त्यावर आठ कमळे. मधला केशरी, त्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्'. खालचा तांबडा, त्यावर सूर्य आणि चंद्रकोर. हा हिंदी स्वातंत्र्याचा ध्वज आहे, त्याला उठून वंदन करा, असे त्यांनी सभेला आवाहन केले. झेंड्याचा आराखडा कोणाचा, याबद्दल सावरकर, हेमचंद्र कानूनगो, स्वतः बाई अशी वेगवेगळी नावे घेतली जातात. त्या वादात आम्हाला शिरायचे नाही. आमचे लक्ष 'वंदे मातरम्' या अक्षरांकडे जाते. त्या सभेत देवनागरी वाचता येणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीही नसतील. वाचता येणार नाही अशांपुढे आपल्याच लिपीत लिहून नेणे, याला काय म्हणावे? आम्ही भोपाळात तीन पिढ्या राहून दारावरची पाटी हिंदीत लावली आहे, म्हणून विचारतो.

ही सभा जिथे भरली ते सभागृह म्हणजे 'लीडरहाले'. शब्दशः गाण्यांचा वाडा. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हेच : मैदानात नाही, घरावरही नाही, गाण्याच्या सभागृहात. हे सभागृह सरकारने किंवा राजाने बांधलेले नव्हते. स्टुटगार्टमध्ये १८२४ साली स्थापन झालेल्या एका गायन मंडळाने ते १८६४ मध्ये उभे केले. हे वाचून आम्ही चाटच पडलो. चाळीस वर्षे वर्गणी, कार्यक्रम, समित्या, रुसवेफुगवे, आणि मग स्वतःचे सभागृह! आपल्या मंडळाच्या हॉलसाठीच्या जागेचा विषय ज्यांना ठाऊक आहे त्यांना आमची भावना कळेल.

आम्ही उतरलो होतो युवा वसतिगृहात. एका खोलीत सहा खाटा, बाकी पाच जण आमच्या मुलाच्या वयाचे. रात्री आमच्या घोरण्यामुळे त्यांचे काय झाले असेल ते सकाळच्या त्यांच्या चेहऱ्यांवर दिसले, पण बोलले कोणी नाही. शहर वाडग्यासारखे आहे, मध्ये सखल आणि चहूबाजूंनी टेकड्या. टेकड्यांवर चढायला दगडी जिने, असे चारशेवर जिने शहरात आहेत. उतारावर भर वस्तीत द्राक्षांचे मळे. या जिन्यांच्या पायऱ्यांची उंची आणि रुंदी आम्ही सवयीने वितीने मोजली, बांधकाम चोख.

इथल्या लोकांना स्वाबियन म्हणतात आणि त्यांच्या काटकसरीचे किस्से जर्मनीभर सांगतात, जसे आपल्याकडे पुणेकरांचे. एका इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आठवड्याची पाळी लावून जिना झाडायचा अशी तिथली जुनी रीत, अजून पाळतात. त्यांचे आवडते जेवण मसूर आणि जाड शेवयांसारखा एक पदार्थ. बरोबर सॉसेज असते, ते नको म्हणून सांगावे लागते. ताट समोर आल्यावर आम्ही मनात म्हटले, ही तर वरणफळे! फोडणी तेवढी नव्हती. खोलीत परत गेल्यावर चमचाभर मेतकूट खाऊन आम्ही उणीव भरून काढली. पाण्याच्या रिकाम्या बाटलीचे दुकानात २५ सेंट परत मिळतात, म्हणजे तेव्हाचे सुमारे बावीस रुपये. आम्ही एकही बाटली टाकली नाही. तत्त्वज्ञ हेगेलचा जन्म ज्या घरात झाला ते घर फुकट पाहता येते, तेही पाहिले. हेगेल कळला असे म्हणवत नाही, घर मात्र आटोपशीर आहे.

दुसऱ्या दिवशी लीडरहालेला गेलो. स्टेशनापासून चालत पंधरा-वीस मिनिटे. समोर काँक्रीटची एक वेडीवाकडी, पण डौलदार इमारत. एकही भिंत दुसरीला समांतर वाटत नाही. हे बांधकाम १९५६ चे, आबेल आणि गुटब्रोड या वास्तुकारांचे. जुनी इमारत १९४३ च्या बाँबहल्ल्यात नष्ट झाली, हे आम्ही घरून वाचून आलो होतो. तरीही काही खूण, एखादा खांब, निदान एखादी पाटी दिसेल अशी आशा होती. इमारतीला दोन प्रदक्षिणा घातल्या. झेंड्याची पाटी आम्हाला काही दिसली नाही. खिडकीशी बसलेल्या बाईंना मोबाइलवर झेंड्याचे चित्र दाखवले, मोडक्या इंग्रजीत हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मुंबईचे नाव मात्र त्यांना लगेच ओळखीचे वाटले. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरे आहेत. मग त्या म्हणाल्या, जुने काही पाहायचे असेल तर बिर्केनकोप्फला जा, जुने सगळे तिकडे आहे.

आम्हाला वाटले संग्रहालय असेल. ती टेकडी निघाली.

शहराच्या पश्चिमेला बस सोडून वळणावळणाने चढत जावे लागते. झाडी, पाखरे, कुत्र्यांना फिरवणारी माणसे. आणि माथ्यावर पोचल्यावर एकदम दगडांचा ढीग. साधे दगड नव्हेत, घडीव. खांबांचे तुकडे, खिडक्यांच्या कमानी, कंगोरे काढलेल्या कंगण्या, कुठे कोरलेले पान, कुठे अर्धे अक्षर. युद्धात शहर पडले तेव्हा त्याचा राडारोडा १९५३ ते १९५७ या काळात इथे आणून टाकला, १५ लाख घनमीटर. टेकडी त्याने सुमारे ४० मीटर उंच झाली, आता ५११ मीटर आहे. एक क्रूस उभा आहे आणि बाँबहल्ल्यांत मेलेल्यांचे स्मरण व जिवंतांना इशारा अशा अर्थाचा मजकूर दगडावर आहे.

१५ लाख घनमीटर हा आकडा वाचकांना कदाचित नुसता आकडा वाटेल. आम्ही आयुष्यभर मुरूम आणि खडी डंपरात मोजली आहे. दहा घनमीटरचा डंपर धरला तर दीड लाख खेपा होतात. रोज शंभर खेपा टाकल्या तरी चार वर्षे. त्या प्रत्येक खेपेत कोणाचा तरी जिना, कोणाचे तरी देवघर. आमचे काम बांधायचे, म्हणून पडलेले पाहिले की पोटात कालवते.

तिथे आम्ही बराच वेळ बसलो. गाण्यांच्या वाड्याचे दगड यात असतील का? शहराचा राडारोडा इथे आला तेव्हा असणे अशक्य नाही. ज्या भिंतींनी मुंबईच्या बाईंचा आवाज ऐकला, ती भिंत यात कुठेतरी शेवाळ धरून पडली असेल. आम्ही एका खांबाच्या तुकड्याला हात लावून पाहिला. उन्हाने तापला होता. डब्यातली शेवटची गूळपोळी तिथेच खाल्ली, आणि इथून एक खडा न्यावा असे मनात आले. पण ती रास म्हणजे मेलेल्यांची आठवण. त्यातला खडा उचलणे बरे वाटले नाही. हात झाडून खाली उतरलो.

परतीला मुंबईहून पुण्याला बहिणीकडे दोन दिवस राहिलो, ते मुद्दाम. सभागृह पडले तरी झेंडा राहिला आहे. बाई परदेशातच होत्या, इंग्रज त्यांना येऊ देत नव्हते. राजकारणात पडणार नाही असे लिहून घेऊन १९३५ मध्ये अर्धांगाने खिळलेल्या अवस्थेत त्यांना मुंबईला येऊ दिले आणि १३ ऑगस्ट १९३६ ला त्या गेल्या. झेंडा मात्र इंदुलाल याज्ञिकांनी गुपचूप हिंदुस्थानात आणला आणि तो पुण्यात केसरीवाड्यात आला. लोकमान्यांचा गणपती बसतो तोच वाडा. लहानपणापासून कितीतरी वेळा आम्ही त्या गणपतीचे दर्शन घेतले, प्रसाद घेतला आणि बाहेर पडलो. त्याच वाड्यात हे कापड आहे हे आम्हाला सहा हजार किलोमीटर लांब जाऊन आल्यावर सुचले. काचेआड रंग उतरलेले, पण 'वंदे मातरम्' वाचता येते. ते वाचताना डोळे भरून आले, हे लिहायला संकोच वाटतो, पण खरे आहे.

इथपर्यंतच लिहून हा लेख द्यायचा होता. पण पुण्याहून भोपाळला येताना गाडीत एका गोष्टीने डोके खाल्ले. आपल्या गावात झेंडा कधी लागला? सन १९४७ च्या १५ ऑगस्टला सगळा देश नाचत होता, तेव्हा भोपाळ संस्थान विलीन झालेले नव्हते. विलीनीकरणाची चळवळ झाली. पुढे राष्ट्रपती झालेले शंकर दयाळ शर्मा तिच्यात तुरुंगात गेले. संस्थान केंद्राच्या ताब्यात आले १ जून १९४९ ला. त्याआधी, त्याच वर्षी संक्रांतीला, रायसेन जिल्ह्यात नर्मदेच्या काठी बोरास घाटावरच्या जत्रेत तिरंगा लावायला जमलेल्या लोकांवर संस्थानी पोलिसांनी गोळ्या झाडल्या. छोटेलाल, धनसिंह, मंगलसिंह आणि विशालसिंह असे चार जवान पडले. एक पडला की दुसऱ्याने झेंडा हाती घेतला, असे तिकडचे लोक सांगतात. छोटेलाल सोळा वर्षांचा होता.

या बोरासच्या वाटेवरून आम्ही कामानिमित्त किती वेळा गेलो असू याची गणती नाही. पुलाच्या तपासणीला, रस्त्याच्या मापाला. दर वेळी जीप थांबली ती चहासाठी. व्हिसासाठी दोन महिने धडपडलो, आणि इथे उतरायला परवानगी नको, पास नको.

त्यानंतरच्या १४ जानेवारीला आम्ही उभयतां बोरासला गेलो. सौ.ने तिळाचे लाडू घेतले होते. घाटावर जत्रा भरली होती, बांगड्या, गुऱ्हाळाचा रस, आकाशपाळणा, नर्मदेत डुबकी मारून कुडकुडणारी पोरे. स्मारकापाशी जाऊन चारही नावे वाचली. शेजारी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून उभे होते. आम्ही त्यांना विचारले, "बाबा, झंडा कहाँ लगा था?" त्यांनी काठी उचलून दाखवली. त्यांच्या हातावर लाडू ठेवला, आणि त्यांनी दाखवलेल्या दिशेने आम्ही चालू लागलो.